गड्ड्यातलं उड्डाण

उडणाऱ्या माणसाच्या पोटाखाली
एक स्टूल असतं.
हे मला बाराव्या वर्षी कळलं,
होम मैदानावर, गड्ड्याच्या जत्रेत,
यादगिरी म्याकलांच्या फोटोच्या तंबूत.
माझ्याकडे टेबलफॅन होता
आणि लाल टॉवेल.

टॉवेल म्हणजे त्या वीराचा झगा.
गावचाच, टेरीचा,
कडेचे धागे सुटलेला सेकंड माल.
इतका जड की फॅनला दाद द्यायचा नाही.
मग दोन टोकांना नायलॉनची तार बांधून
मी मागे उकिडवा बसायचो
आणि वारा ओढायचो.

स्टुलावर निळी चादर. पडदाही निळा.
अण्णा ओरडायचे :
मूठ पुढं! एक गुडघा दुमडा!
पोट आत. हसू नका हो,
उडताना कुणी हसतं का?

खरंच की.
वहीच्या पुठ्ठ्यावर, टीव्हीत, बनियनच्या खोक्यावर,
हवेतला एकही माणूस हसत नव्हता.
आभाळात जाणं म्हणजे जणू
थकलेल्या हप्त्याची वसुली.

पडद्याच्या खालच्या अंगाला
अण्णांनी स्वतः रंगवलेलं शहर होतं,
काचेचे मनोरे, पिवळ्या खिडक्या,
आमच्यातल्या कुणीच न पाहिलेलं.
मी विचारलं, खाली सोलापूर का नाही?
गच्चीवर वाळणारं रंगीत सूत,
पाण्याच्या काळ्या टाक्या, किल्ल्याचा खंदक?
‘काय बे,’ अण्णा म्हणाले,
‘सोलापूरवरनं उडायला पैसे कोण देतंय?
सोलापुरातनं उडायचंय लोकांना.’

आता मी पोरीला घेऊन मॉलमध्ये जातो.
पडदा केवढा, आवाज छातीत.
तारा पुसायचं काम आता संगणक करतो,
स्टूलही पुसतो, उकिडवा बसलेला पोरगाही.
झगा सळसळतो, केस मात्र जागचे हलत नाहीत.
डोळ्यांत चिलट जात नाही.
खाली उतरताना एक गुडघा, एक मूठ,
फरशीला तडा.
ती फरशी कोण बसवणार,
ह्यावर एकही सिनेमा निघालेला नाही.
पोर विचारते, बाबा,
सगळे मूठ का वळतात?
घार तर वळत नाही.

तेव्हा पोशव्वा आठवते.

विडी घरकुलातनं आली होती, रात्री साडेदहाला,
जत्रेचा शेवटचा दिवस.
दिवसभराच्या हजार विड्या कारखान्यात टाकून,
बोटांना तंबाखूचा वास,
पदराच्या गाठीत मोजून आणलेले पैसे.
माझा पण काढा, म्हणाली, उडतानाचा.
रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

ती पालथी झाली स्टुलावर.
मी टॉवेल बांधला, तार ताणली.
अण्णा म्हणाले, मूठ पुढं, अक्का.
मूठ पुढं गेली. उघडली.
हात खाली लोंबला.
अण्णा फोकस लावेपर्यंत
पोशव्वा झोपली होती.

कुणी हसलं नाही.
फॅन फिरत होता.
गाल निळ्या चादरीवर, तोंड किंचित उघडं,
बोटं सैल,
वर्षानुवर्षं पान वळून वाकलेली ती बोटं
खाली काचेच्या मनोऱ्यांवर टेकत होती
की मनोरेच त्यांना लागायला वर आले होते,
कोण जाणे.

अण्णांनी मला खूण केली : सोड.
मी तार सोडली.
टॉवेल हळूच खाली आला,
तिच्या पाठीवर, खांद्यापर्यंत.
मग त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तंबू उतरवताना ती आली.
फोटो लांब धरला, जवळ धरला,
उलटा करून मागंही पाहिलं.
‘पैसे उडायचे घेतले,’ म्हणाली,
‘आणि झोपवलंत होय मला?’

अण्णांनी निम्मे परत केले.
तिने मोजून घेतले.
फोटो सुपात, पानांच्या खाली सरकवला
आणि गेली, चालत.